मुलं तुमच्या भाषेपर्यंत पोचलीच नाहीत

या वेळचं पत्र कोल्हापूरहून, राजारामपुरीतून आलं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून छापत नाही. पत्रलेखक एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतात. वडिलांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, जुने लेथ आणि आता सीएनसीही, म्हणजे आकड्यांच्या आज्ञांवर चालणारी मशीनही. नोकरी सांभाळून, रात्री जागून त्यांनी मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीच्या क्लासची खोली मिळवून फुकट वर्ग घेतला. पहिल्या दिवशी खोली भरली, आठवडा संपेपर्यंत बाकं रिकामी. ते विचारतात: "मित्र म्हणतात की-वर्ड मराठीत कर. ऑफिसातले सीनियर म्हणतात डॉक्युमेंटेशन वाढव. बायको म्हणते व्हिडिओ कर. मला वाटतं निम्मी फीचर्स काढून टाकावीत. भाषा नवख्यांना सोपी करायची तर सुरुवात कुठून करू?" सोबत मुलांना वाटलेलं पहिल्या दिवसाचं पान आहे, आणि मुलांच्या पडद्यांवर आलेल्या एररचे फोटो.

नमस्कार.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. फीचर्स काढू नका, की-वर्डना, म्हणजे भाषेच्या ठरावीक आज्ञाशब्दांना, इतक्यात हात लावू नका, व्हिडिओ तर मुळीच नको. तुमची भाषा मी उतरवून घेऊन चालवून पाहिली. नीटनेटकी आहे, आणि चित्र काढण्याच्या आज्ञा तर झकास जमल्या आहेत. मुलं तिला कंटाळून गेली असं मला वाटत नाही. त्यांची तिच्याशी गाठच पडली नाही.

तुमचंच पान पुन्हा वाचा. झिप फाइल उतरवा. ती उघडा. सी ड्राइव्हवर फोल्डर करून त्यात टाका. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम बसवा. ‘पाथ’मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या यादीत, फोल्डरचा पत्ता घाला. कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘सीडी’ करत फोल्डरपर्यंत जा. नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहा. आमच्या एक्स्टेन्शनने सेव्ह करा. आता चालवा. या सगळ्यात प्रोग्रॅमिंग किती आहे? शेवटच्या पायरीला जेमतेम सुरू होतं. त्यातही नोटपॅड आपल्या मनाने फाइलच्या नावाला ‘डॉट टीएक्सटी’ जोडतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. मुलाला नाव बरोबर दिसतं, तुमचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्रॅम वाचून चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणतो फाइल सापडत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे. तुमच्या फोटोंपैकी पहिले तीन नेमके हेच आहेत, आणि तुम्ही ते ‘भाषेतल्या अडचणी’ या मथळ्याखाली पाठवलेत!

हा रोग तुमच्या एकट्याचा नाही, मोठमोठ्यांना होता. पायथॉनची कीर्ती सोपी भाषा म्हणून. पण विंडोजवर ती बसवताना ‘पाथमध्ये जोडा’ ही खूण कित्येक वर्षं आपणहून केलेली नसे. ज्याने ती चौकट पाहिली नाही त्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पायथॉन’ टाइप केलं की विंडोज १० त्याला थेट मायक्रोसॉफ्टच्या दुकानात नेऊन उभं करायचं. पायथॉनच्या खिडकीत ‘एक्झिट’ लिहिलं तर ती उत्तर द्यायची की बाहेर पडायला ‘एक्झिट’पुढे कंस घाला. म्हणजे तुम्हाला काय हवंय ते तिला कळलेलं असायचं, तरी बाहेर सोडायची नाही. ते २०२४ साली, ३.१३ या आवृत्तीत, दुरुस्त झालं. जावाचं उदाहरण तर आणखी बोलकं. १९९५पासून पहिली ओळ छापायलासुद्धा ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हा मंत्र म्हणावा लागे आणि मास्तर सांगत, आत्ता नुसतं लिहून घ्या, अर्थ नंतर कळेल. हा मंत्र ऐच्छिक व्हायला २०२५ची जावा २५ यावी लागली. तीस वर्षं. भाषा चालवणारी माणसं हुशारच असतात. फक्त पहिला दिवस कसा असतो ते त्यांना आठवत नाही, कारण त्यांचा स्वतःचा पहिला दिवस फार मागे पडलेला असतो.

आणि एक गंमत बघा. टर्बो सीच्या, सी भाषा लिहिण्या-चालवण्याच्या त्या जुन्या साधनाच्या, निळ्या पडद्याला आपण सगळे हसतो. बोरलँडचं ते जुनंपानं सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कॉलेजांनी इतकी वर्षं डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून जिवंत ठेवलं, याबद्दल कॉलेजांना बोल लावावा तेवढा थोडा. पण त्यात एक गोष्ट होती: एकच खिडकी. लिहा, कंट्रोल एफ-९ दाबा, चाललं. त्याच्याही आधी, १९८४च्या ‘क्लास’ प्रकल्पात भारतातल्या शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. त्यांचं बटण दाबलं की समोर सरळ बेसिक ही भाषाच यायची. बसवायचं काही नाही, शोधायचं काही नाही. आपण पुढे आलो तसा हा उंबरठा उंचच होत गेला.

तेव्हा पहिलं काम हे. तुमचा इंटरप्रिटर रस्ट या भाषेत आहे असं लिहिलंत, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेलीच आहे. तो वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरमध्ये चालेल अशा रूपात, बांधता येतो. एक पान करा. डावीकडे प्रोग्रॅम, उजवीकडे चित्र, वर ‘चालव’ असं बटण. पान उघडलं की काम सुरू. यात दोन खाचखळगे आहेत. वेबअसेम्ब्लीची फाइल पानाबाहेर वेगळी ठेवलीत आणि मूल पेनड्राइव्हवरून ते पान उघडू लागलं, तर ब्राउझर ती फाइल आणू देणार नाही. शाळांच्या लॅबमध्ये नेट असेलच असं नाही, त्यामुळे हे हमखास होणार. ती बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, पानाच्या पोटातच ठेवा, म्हणजे एका फाइलीत सगळं आलं. दुसरं, ज्यांना प्रोग्रॅम म्हणूनच बसवायचाय त्यांच्यासाठी एक्सई ठेवायची असेल तर रस्टला सीआरटी स्टॅटिक जोडायला, म्हणजे ते रनटाइम एक्सईतच भरायला, सांगा. रनटाइम बसवण्याची पायरीच उडेल. तरी डिजिटल सही नसलेल्या एक्सईवर विंडोज निळी पाटी दाखवणार, ‘तुमच्या पीसीचं रक्षण केलं’ वगैरे, आणि घरी वडील म्हणणार व्हायरस आलाय, बंद कर ते. म्हणून मुलांसाठी पानच बरं.

आता मुख्य मुद्दा. भाषा ‘सोपी’ म्हणजे काय, याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला अमेरिकेला पाठवणार नाही. वडिलांच्या वर्कशॉपात जा आणि सीएनसीवरच्या ऑपरेटरशेजारी तासभर उभे राहा. त्याच्या पडद्यावर काय असतं? जी शून्य शून्य, जी शून्य एक, एम शून्य तीन, मग एक्स, झेड, एफ आणि त्यांच्यापुढे आकडे. याहून रुक्ष भाषा शोधून सापडायची नाही. एकाही आज्ञेला धड नाव नाही. मराठी की-वर्ड तर सोडाच, इंग्रजीही शब्द नाहीत. आणि तरीही उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे आयटीआय झालेली, काही तेवढंही न झालेली पोरं ती रोज वाचतात, बदलतात, त्यातून पैसे मिळवतात. ती अडत का नाहीत?

कारण पोरगा कामावर येतो तेव्हा मशीन चालू असतं. प्रोग्रॅम आधीच आत असतो, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, आणि त्यावर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, निघत असतो. कोऱ्या पडद्यासमोर त्याला कुणी बसवत नाही. पहिले दिवस तो जॉब लावतो, काढतो, सायकल स्टार्ट दाबतो. मग एक दिवस उस्ताद म्हणतो, व्यास जास्त येतोय, ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, जरा कमी कर. तो एक आकडा बदलतो. पुढचा जॉब काढून मायक्रोमीटर लावतो, आणि त्या आकड्याने काय केलं ते त्याला हातात धरून दिसतं. नव्या प्रोग्रॅमची भीती वाटली तर सिंगल ब्लॉक लावतो: एकदा बटण, एकच ओळ. त्याआधी ड्राय रन, म्हणजे काही न कापता रिकामी फेरी. चुकलं तर काय होईल याची खरी भीती तिथे आहे, टूल ठोकलं तर इन्सर्ट गेली, कधी चकही. तुमच्या वर्गात तर काहीच मोडणार नव्हतं, तरी मुलं घाबरली. ओळखीचं काहीच समोर नव्हतं म्हणून.

हे सगळं तुमच्या पानावर आणता येतं. पान उघडल्यावर एक प्रोग्रॅम तिथे आधीच असू द्या, चालणारा, चित्र काढणारा. मुलाचं पहिलं काम लिहिणं नव्हे, ‘चालव’ दाबणं. दुसरं काम एक आकडा बदलणं: चारच्या जागी सहा घाल, चौकोनाचा षटकोन होतो का बघ. मग अंश बदल, चित्र तुटतं, ते का तुटलं हे विचारायला मूल स्वतःहून तोंड उघडतं. ‘चालव’च्या शेजारी ‘एक ओळ’ असं आणखी एक बटण द्या. दाबलं की एकच आज्ञा चालावी, ती ओळ रंगावी, आणि बाजूला त्या क्षणी कुठल्या नावात कोणती किंमत आहे ते दिसावं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात पायथॉनसाठी थॉनी नावाचं साधन तयार झालं, ते हेच करतं. बेरजेचा प्रत्येक तुकडा कसा सुटत गेला तेही दाखवतं. ते उतरवून एकदा बघाच, चोरण्यासारखं पुष्कळ आहे.

तुमचा पहिला प्रोग्रॅम मात्र बदला. रिकर्शनने, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या आज्ञेने, फॅक्टोरियल! नववीतल्या मुलाला फॅक्टोरियल म्हणजे काय तेच ठाऊक नाही, शाळेत ते पुढे येतं. तो नमुना आपण आपल्यासारख्यांना खूश करायला ठेवतो. कोल्हापुरातल्या मुलाला शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा निकाल कळतो. दोन संघांची नावं विचार, पहिल्या हाफमधले गोल विचार, दुसऱ्यातले विचार, कोण जिंकलं सांग. यातच एक मोलाचा दगड लागतो. तुमच्या भाषेत वापरणाऱ्याने टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणून येतं, पायथॉनसारखंच. त्यामुळे २ आणि ३ गोलांची बेरीज २३ येते. पेठेतल्या पोरांना २३ गोल ऐकून हसू येईल, पण नंतर ती तुमच्याकडे बघतील आणि तुम्ही ‘डेटा टाइप’ सांगू लागाल. सांगू नका. ‘आकडा विचार’ आणि ‘मजकूर विचार’ अशा दोन आज्ञा करा. भाषेत आत्ताच करायला सांगते आहे तो बदल हा एकच, बाकीचे पान झाल्यावर.

आता एरर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पहिल्या आठवड्यात नवखा माणूस तुमच्या भाषेशी बोलतो ते बहुतेक तिच्या एररमधूनच. तुमच्या फोटोतली एक घ्या: ‘अनएक्स्पेक्टेड टोकन आयडेंट, एक्स्पेक्टेड आरपॅरेन, सात, एक’. ही ओळ कुणासाठी लिहिली आहे? तुमच्यासाठी, पार्सर, म्हणजे प्रोग्रॅमची रचना ओळखणारा भाग, दुरुस्त करताना. मुलाने सहाव्या ओळीवर कंस उघडला आणि मिटला नाही. सातव्या ओळीत त्याची काहीच चूक नाही, आणि तुम्ही त्याला सातवी ओळ दाखवताय. तो तिथे डोळे ताणून बघत राहतो आणि शेजारच्याला म्हणतो, "ह्ये चालंना झालंय." वर्गातून मुलं उठून गेली ती अशा जागी.

पायथॉनमध्ये हीच खोड होती. २०२१च्या ३.१० आवृत्तीपासून ती सरळ सांगते की हा कंस मिटलेलाच नाही, आणि उघडलेल्या कंसावर बोट ठेवते. एल्म नावाच्या भाषेने २०१५च्या सुमाराला याचा ध्यासच घेतला. तिचा कंपायलर ‘मला हे नाव सापडत नाही’ असं माणसासारखं बोलतो, मुलाची ओळ जशीच्या तशी दाखवतो, मग जवळची नावं सुचवतो. तुम्ही रोज ज्या रस्टच्या एरर वाचता त्यांनीही एल्मकडून धडा घेतला. म्हणजे चांगली एरर कशी असते ते तुम्हाला रोज दिसतं. फक्त स्वतःच्या भाषेत ते आलं नाही.

तुमच्या त्या एररच्या जागी मी हे लिहीन: ‘सहाव्या ओळीत कंस उघडलाय, तो मिटलेला नाही.’ खाली सहावी ओळ, कंसाखाली खूण. बस. ‘कदाचित तुम्ही विसरलात’ वगैरे लाडीगोडी नको, ‘चूक!’ असं लाल अक्षरांत ओरडणंही नको. नाव चुकलं असेल तर जवळचं नाव सुचवा, पण एका-दोन अक्षरांचाच फरक असेल तेव्हा; भलतंच सुचवलं तर मूल निमूट ते करतं आणि दुप्पट अडकतं. वर्डमधून चिकटवलेल्या प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हं वळणदार येतात, त्यावर एरर देऊच नका, गुपचूप साधी समजून पुढे जा. जिथे मुलाच्या मनात काय आहे याबद्दल शंकाच नाही तिथे अडवायचं कशाला? आणि प्रत्येक एरर पानावर नोंदवून ठेवा, मुलाचं नाव न घेता. तुमच्या लक्षात येईल की त्याच त्या मोजक्या चुका पुन्हा पुन्हा होतात. त्या मोजक्यांचे संदेश घासूनपुसून लिहा. उरलेले सध्या ओबडधोबड राहिले तरी चालतील.

आणि हे संदेश मराठीत लिहा. मराठीचा पहिला मान इथे आहे.

की-वर्डचं मात्र वेगळं आहे, आणि तुमच्या मित्रांना ते टाइप करून बघायला सांगा. वाचायला मराठी की-वर्ड गोड दिसतात. पण विंडोजवरचा इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू करून एक ओळ लिहून बघा. बरोबरचं चिन्ह दाबलं की ‘ृ’ उमटतो. चौकोनी कंसाच्या जागी ‘ड’. अपूर्णविरामाला ‘छ’, अवतरणचिन्हाला ‘ठ’. म्हणजे प्रत्येक ओळीत दोन-तीनदा कीबोर्ड बदलायचा. मुलं तर इन्स्क्रिप्ट शिकलेलीच नसतात. ती मोबाइलवर रोमनमध्ये लिहून मराठी उमटवतात, आणि ते साधन लॅबच्या संगणकावर नसतं.

पुढची मेख आणखी खोल आहे. दुकानाचा प्रोग्रॅम लिहिताना मूल ‘गिऱ्हाईक’ असं नाव देईल. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं. क्रिकेटचा ‘ॲव्हरेज’ घ्या: ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणूनही येतं, आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही येतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणण्याची रीत, या जोड्या एक करत नाही. पायथॉनमध्ये नावं देवनागरीत चालतात, पण ते न दिसणारं जोडचिन्ह आलं की ती चक्क अडते. मुलाने काय समजायचं? अक्षर बरोबर दिसतंय, आणि यंत्र म्हणतंय हे नाव मला माहीत नाही. हे तुमच्या लेक्सरमध्ये, म्हणजे ओळीतले शब्द सुटे करणाऱ्या भागात, आधीच सावरून घ्या: जोडचिन्हाचा ‘र’ आला की त्याचा ‘ऱ’ करा, ‘अ’वरच्या चंद्राचा एक ‘ॲ’ करा, बाकीची न दिसणारी चिन्हं गाळा. देवनागरी अंक प्रोग्रॅममध्ये थेट चालू द्या. पायथॉन मजकुरातला ‘१२’ आकड्यात बदलून देतं, पण प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिला तर नाकारतं. तुम्हाला ती अट पाळायचं कारण नाही. हे झाल्यावर मराठी की-वर्ड इंग्रजीच्या जोडीने स्वीकारा, हवं ते वापरा, एकाच प्रोग्रॅममध्ये मिसळलं तरी चालेल. टाइप करण्याचा जाच टाळायला की-वर्डची बटणं पानावरच द्या, दाबली की शब्द उमटावा. मोबाइलवर पान उघडणाऱ्यांना कंस आणि चिन्हांची एक ओळ कीबोर्डच्या वर हवीच.

शब्दांना किंमत नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेत अँड्रियास स्टेफिक आणि सहकाऱ्यांनी नवख्यांवर प्रयोग केले. २०११ साली त्यांनी पर्ल या भाषेची तुलना अशा एका भाषेशी केली जिची चिन्हं लॉटरी काढावी तशी निवडली होती, आणि पर्ल शिकणाऱ्यांना तिच्यापेक्षा जास्त जमलं असं काही दिसलं नाही. नंतरच्या प्रयोगात जावाचंही तसंच झालं. पायथॉन आणि रुबी बऱ्या ठरल्या. ‘रिपीट’ हा शब्द नवख्यांना ‘फॉर’पेक्षा लवकर उमजतो असंही त्यांना दिसलं. तुमच्याकडे ‘फॉर’ आहे. दहा वेळा काही करायचं असेल तर ‘१० वेळा’ असं सरळ लिहू द्या. पण हे सगळं पान तयार झाल्यानंतरचं.

निम्मी फीचर्स काढण्याबद्दल. काढू नका, झाका. नेदरलँड्समध्ये फेलिएने हर्मन्स यांनी २०२०मध्ये हेडी नावाची भाषा सुरू केली; ती पायऱ्यापायऱ्यांनी वाढते. पहिल्या पायरीला छापणं, विचारणं एवढंच, अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत. ती पुढे येतात. तिचे की-वर्ड हिंदीसह कित्येक भाषांत मिळतात, तेव्हा मराठी की-वर्डच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलंय तेही पाहून ठेवा. रॅकेट ही भाषा करणाऱ्यांनी हेच फार आधी केलं: नवख्यांची भाषा वेगळी, लहान. तिथे खरा फायदा एररला होतो. जे अजून शिकवलंच नाही त्याचा उल्लेख एररमध्ये येऊच शकत नाही. तुमच्याकडे मुलाने चुकून चौकोनी कंस दाबला तर ‘लिस्ट इंडेक्स’बद्दल तक्रार येते, आणि लिस्ट पाचव्या दिवशी शिकवायची असते. दोन पायऱ्या पुरेत, आठ-दहा करत बसू नका.

डॉक्युमेंटेशन: एक पान, त्यात दहा चालणारे प्रोग्रॅम, प्रत्येकाखाली ‘इथे काय बदलून बघशील’ अशी एक ओळ. व्हिडिओबद्दल वहिनींची क्षमा मागते. व्हिडिओत सगळं पहिल्या झटक्यात चालतं, आणि भाषेत काही बदललंत की तो शिळा होतो.

आता हे कळणार कसं, की उंबरठा खरंच उतरला? एका मुलाला एका संगणकापुढे बसवा, पान द्या, आणि तुम्ही मागे उभे राहा. हात पाठीशी. तोंड बंद. हे फार अवघड जातं, आधीच सांगते. मूल अडलं की तुमची जीभ वळवळेल. तुम्ही बोललात की तो अडथळा त्याच्यापुरता मिटतो आणि तुमच्या वहीत येत नाही; पुढचं मूल घरी, एकटं, तिथेच अडतं. हात कुठे थबकला, डोळे कुठे फिरले, काय वाचलं आणि काय न वाचताच पुढे गेलं, एवढं टिपा. एक मात्र ध्यानात ठेवा: मूल पहिल्यांदा बघणारं एकदाच असतं. मेमध्ये तुम्ही खोलीभर मुलं एकाच दिवशी बसवलीत आणि सगळ्यांना एकच दगड लागला. दिवाळीच्या सुट्टीत तसं नको. दोघांना बोलवा, जे दिसलं ते रात्री दुरुस्त करा, दुसऱ्या दिवशी वेगळे दोघं. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बोलावू नका, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून अडथळे पार करतील. वर्कशॉपातला तो ऑपरेटर तयार असेल तर त्याला जरूर बसवा. पडद्यावर काही समजलं नाही की तो तोंडावर बोलून मोकळा होईल.

मेमधल्या ज्या मुलांनी येणं सोडलं त्यांच्या घरी फोन करून पुन्हा बोलवावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. बोलवा, पण पान चालू झाल्यावर, आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून नको. त्यांना गोलांचा प्रोग्रॅम द्या आणि आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचं नाव त्यात घालायला सांगा.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. कितीतरी शाळांच्या लॅब अजून विंडोज ७वर आहेत. २०२४च्या मे महिन्यात आलेल्या रस्ट १.७८पासून नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या एक्सईला किमान विंडोज १० लागतं, त्यामुळे तिथे तुमची फाइल उघडणारच नाही. क्रोमही विंडोज ७वर १०९व्या आवृत्तीला थांबलं, पण ते वेबअसेम्ब्ली चालवतं. पान त्या आवृत्तीवर तपासून घ्या, नवी ब्राउझर वैशिष्ट्यं वापरण्याचा मोह टाळा. झालं की दुवा पाठवा. करवीर तालुक्यात एका शाळेची अशीच जुनी लॅब आहे, तिथल्या बाईंशी मी बोलून ठेवते.